विश्लेषण : काव्यपुरुषाचे लग्न वाशिममध्ये लावणारा राजशेखर कोण होता?

काल्पनिक देशाचा नकाशा फोटोशॉपमध्ये कसा काढायचा, हे शिकवणारे व्हिडीओ साधारण एकाच क्रमाने जातात. आधी किनारपट्टी, मग डोंगर, नद्या, सीमा आणि शेवटी गावांची नावे. प्रत्येकाचा लेअर वेगळा. सुमारे ११०० वर्षांपूर्वी राजशेखर या कवीने असाच धडा शब्दांत लिहिला. त्याच्या ग्रंथातले लग्न लागते ते वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिममध्ये.

राजशेखर कोण?

नवव्या शतकाची अखेर आणि दहाव्याची सुरुवात हा त्याचा काळ. घराणे यायावर, म्हणजे भटके. पणजोबा अकालजलद हे महाराष्ट्राचे भूषण मानले गेलेले कवी. राजशेखर मात्र उत्तरेत कनौजला गेला आणि प्रतिहार राजा महेंद्रपालाचा गुरू झाला. पत्नी अवंतिसुंदरी चाहमान, म्हणजे चौहान कुळातली. तिच्या इच्छेवरून त्याचे ‘कर्पूरमंजरी’ हे प्राकृत नाटक रंगमंचावर आले. काव्यशास्त्रातील तिची मतेही त्याने आपल्या ग्रंथात नावानिशी नोंदवली.

नकाशाचा धडा काय होता?

‘काव्यमीमांसा’ हे कवींसाठीचे मार्गदर्शक पुस्तक आहे. त्याच्या १७व्या अध्यायात भूगोल येतो. कवीने चुकीच्या प्रदेशात चुकीची नदी वाहवू नये, हा हेतू. पहिला लेअर विश्वाचा : लोक किती, समुद्र किती, मध्यभागी मेरू. लोक एक माना, सात माना किंवा चौदा, कवीच्या गरजेनुसार सगळेच चालते, अशी मोकळीक तो देतो. पण भारतात उतरल्यावर तो काटेकोर होतो. वाराणसीपलीकडे पूर्वदेश, माहिष्मतीपलीकडे दक्षिणापथ, देवसभेपलीकडे पश्चिम, पृथूदकापलीकडे उत्तरापथ. दक्षिणापथाच्या यादीत महाराष्ट्र आणि विदर्भ वेगवेगळे आहेत. दिशा मोजायच्या त्या कनौजपासून, असे त्याचे स्वतःचे मत. ज्या दरबारात नोकरी, तेच नकाशाचे केंद्र!

मग वाशिम कुठे आले?

त्याच ग्रंथात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला बांधून ठेवण्यासाठी पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्यामागे पूर्वेला जाते, पण तो बधत नाही. त्या वेळी त्याच्या तोंडी आलेली भाषा ती गौडी रीती. पांचालात तो थोडा विरघळतो, ती पांचाली. तेथून अवंतीमार्गे दोघे दक्षिणेत येतात, तेव्हा तो पुरता मोहित होतो आणि वैदर्भी बोलू लागतो. विदर्भातील वत्सगुल्मात दोघांचा गांधर्व विवाह होतो. ‘कर्पूरमंजरी’तही मांत्रिक नायिकेला आणतो ते याच गावातून. तिथे नाव आहे वच्छोम.

वाशिमच का?

राजशेखराच्या आधी सुमारे ४०० वर्षे वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन स्वतः प्राकृत कवी, ‘हरिविजय’चा कर्ता. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६वे लेणे कोरवून घेतले. राजशेखराच्या काळात हे राज्य केव्हाच संपले होते, पण कवितेच्या नकाशावर गाव शिल्लक होते.

पुढे काय झाले?

राजशेखराने केंद्र मानलेले कनौज ९१६च्या सुमारास राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याने जिंकले, म्हणजे दक्खनच्याच फौजांनी. पुढे राजशेखर त्रिपुरीच्या कलचुरी दरबारात दिसतो. ‘काव्यमीमांसे’चे १८ भाग त्याने योजले होते. त्यातला पहिलाच हाती लागला आहे. १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेतला पहिला ग्रंथ म्हणून तो छापला गेला.

त्यानंतर १९३९ मध्ये वाशिममध्ये एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने तो दिलेला होता आणि दान देण्याचे ठिकाण म्हणून त्यावर वत्सगुल्म हेच नाव कोरलेले होते. काव्यपुरुषाच्या लग्नाच्या गावाला कवितेबाहेरचा, तांब्यावरचा पुरावा मिळाला.