सर पॅट्रिक गेडिस

विटें व खानापूर भागांतील जुनीं घरें आमच्या वाचकांस परकीं नाहींत. दगडामातीच्या जाड भिंती, वर लांकडी तुळया व किलचण, त्यावर पांढऱ्या मातीचें माळवद; पुढें सोपा, मध्यें अंगण आणि अंगणांत तुळशीवृंदावन. पाऊस थोडा व ऊन फार, अशा मुलखांत घराची ही घडण उगाच झालेली नाहीं. अशा घरांकडे आदरानें पाहावें, हें हिंदुस्थानांतील नगररचनाकारांस ज्या स्कॉच शास्त्रज्ञानें शिकविलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ सालीं स्कॉटलंडांतील बॅलेटर येथें झाला. लंडनमध्यें हक्स्ले यांच्या हाताखालीं ते जीवशास्त्र शिकले. १८७९ सालीं मेक्सिकोंत त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली; ती परत आली, परंतु सूक्ष्मदर्शक यंत्राचें काम पुढें डोळ्यांस झेपेना. मग, प्राण्याचा त्याच्या परिसराशीं जसा संबंध, तसा मनुष्याचा त्याच्या गांवाशीं कसा आहे, हें ते पाहूं लागले. १८८६ सालीं विवाह झाल्यावर लौकरच हें जोडपें एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तींत राहावयास गेलें. शेजाऱ्यांस हाताशीं धरून त्यांनीं झाडलोट, डागडुजी व रंगरंगोटी केली. अगदींच मोडकळीस आलेलें तेवढेंच पाडलें, आणि मोकळ्या जागीं बागा केल्या.

१९१४ सालीं मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते या देशांत आले. त्यांचें नगररचनेचें प्रदर्शन घेऊन येणारें जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. वर्षानुवर्षें जमविलेले नकाशे व चित्रें समुद्रतळीं गेलीं. तथापि मित्रांच्या साह्यानें नवें प्रदर्शन उभें राहिलें.

त्या काळीं वस्ती सुधारणें म्हणजे बहुधा नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आंखणें व मध्यें येतील तीं घरें पाडणें. घर गेलेला गरीब शेजारच्या खोल्यांत दाटी करी, आणि रोग त्याच्या मागोमाग जाई. गेडिस मात्र गल्लीगल्लींतून पायीं हिंडत. पडकें घर तेवढें काढावें, तेथें चौक करून झाड लावावें, विहीर बुजविण्याऐवजीं साफ ठेवावी, असा त्यांचा उपाय असे. त्यास खर्चहि पुष्कळ कमी लागे.

१९१७ हें वर्ष त्यांस फार कठीण गेलें. एप्रिलांत वडील मुलगा फ्रान्समध्यें युद्धांत पडला. पत्नी आजारी होती, म्हणून ती वार्ता त्यांनीं तिच्या कानीं घातली नाहीं. थोड्याच दिवसांत तीहि वारली. अशा मनःस्थितींत त्यांनीं होळकरांच्या इंदुरांत काम केलें. तेथें प्लेग होता. जी पेठ घरें स्वच्छ व दुरुस्त करील तेथून दिवाळीची मिरवणूक जाईल, असें त्यांनीं ठरविलें, आणि सारें शहर कामास लागलें. मिरवणुकींत प्लेगचा राक्षस व उंदीर होता, नव्या घरांचे नमुने होते. आणि झाडूवाले शुभ्र वस्त्रें लेऊन, गळ्यांत हार घालून चालत होते. आम्हांस त्यांच्या चरित्रांत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालीं निघाला; नीट राखलेल्या घराची खूण म्हणून त्यांत तुळशीचा गौरव आहे.

माळवद गळतें, त्याची दरसाल निगा राखावी लागते व लांकूड महाग झालें. म्हणून आज विट्यांत स्लॅबचीं घरें होतात यांत नवल नाहीं. गेडिस यांनीं स्लॅबास नांवें ठेविलीं नसतीं. सोपा आणि अंगण कां गेलें, एवढें मात्र घरच्या बाईस विचारिलें असतें, असें आम्हांस वाटतें.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचें बोलणें दाढींतच हरवे, आणि त्यांच्या कित्येक सूचना कागदावरच राहिल्या. परंतु त्यांच्या वर्गांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये होते, व त्यांनींच पुढें तें आसन चालविलें. गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथें गेले व तेथें त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं एक निवासी विद्यालय बांधिलें. १९३२ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीं १७ एप्रिल रोजीं ते त्या विद्यालयांतच निवर्तले.