नारायण मेघाजी लोखंडे आणि आमच्या टोळ्यांचे मुकादम

दसरा-दिवाळी झाली, की आमच्या पाथरी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत राबायचे. अंगात ताप असला, बाई बाळंतपणातून नुकतीच उठलेली असली, तरी फडात उभे राहायचे. नाही राहिले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. आठवड्याची सुट्टी हा शब्द या माणसांच्या कानावरूनही जात नाही. कोर्टाच्या आवारात उचलीच्या भांडणाचे कागद घेऊन येणारे कामगार आणि मुकादम आम्ही दोघेही पाहतो. मुकादम बहुधा त्यांच्यातलाच, कधी भावकीतलाच असतो. मग हातात वही आली, की तो आपल्याच माणसांचा मालक का होतो? हा प्रश्न पडला, की आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतल्या मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. नोकरी बरी, खुर्ची सावलीतली. पण त्या खुर्चीवरून त्यांना गिरणी आतून दिसली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे, पगार थकलेला आणि यंत्रात हात गेला तर घरचा रस्ता. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला, पण तास बांधून दिले ते फक्त लहान मुलांचे. मोठ्या माणसांना तो वालीच नव्हता. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा हा माणूस १८८० मध्ये नोकरी सोडून 'दीनबंधु' पत्राच्या कामाला लागला. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते.

लोखंडे जन्मतःच मोठे नेते होते, असे आम्ही म्हणणार नाही. १८८३ मध्ये फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 'दीनबंधु'त छापायला घेतला आणि सुरुवातीची प्रकरणे देऊन मध्येच थांबवला. सरकारची भीती वाटली. फुल्यांना हे आवडले नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पण लोखंडे रुसून वेगळी चूल मांडून बसले नाहीत. गुरूचा राग पचवून ते त्याच कामात राहिले. आज एका टीकेवरून नवा गट काढणाऱ्यांनी एवढे तरी शिकावे.

पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. देशातली ही पहिली कामगार संघटना मानली जाते. त्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाहा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन आणि कायमचा अधू झाला तर निर्वाह. ज्याचे दुखणे त्याला विचारून लिहिलेला हा कागद होता.

मालक हलले नाहीत, तरी लोखंडे थकले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्या काळात बायकांना बोलायला जागा देणे ही साधी गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंड्यांना घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा हाच माणूस सलोख्यासाठी धडपडला, कारण दोन्हीकडचे कामगार त्याचेच होते.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने त्यांना नेले. महिनाभरातच सावित्रीबाईही त्याच साथीत गेल्या.

आता कटू बोलतो. लोखंड्यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिखित नियम नव्हते. नेता गेला आणि संघटनाही विरली. दुसरी फळी घडलीच नाही. शिवाय १८८४ च्या त्या मागण्यांत जातीचा प्रश्न नव्हता. गिरणीत सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. हा दरवाजा ठोठावायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना यावे लागले. त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू उभे केले आणि १९४२ पासून मजूर मंत्री म्हणून कामगारांचे प्रश्न कायद्याच्या पानावर आणले.

मुकादम बंधूंनो, म्हणून आमचे सांगणे तुम्हालाही आहे. उचलीचा हिशेब सगळ्यांसमोर वाचा. खाडा लिहिण्याआधी माणूस आजारी आहे का ते विचारा. टोळीतल्या बाईचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका. आणि तुमच्यामागे वही सांभाळील असा एखादा तरुण आजच तयार करा. यंदा टोळी निघण्याआधी करार कागदावर करा. तो वाचून द्यायला आम्ही पाथरीत बसलेलो आहोत, फी लागणार नाही. १८८४ साली गिरणी कामगारांनी मागितलेली सुट्टी उसाच्या फडात अजून पोहोचलेली नाही. ती पोहोचवणे हे आपले काम आहे.

जयभीम!