काळ्या ठिपक्यांच्या मागावर

पावसाळ्यात गंगेला पूर येऊन गेला की आमच्या पंचवटीत घरोघरी तापाच्या गोष्टी सुरू होतात. मग आम्ही मंडळाच्या बायका पाण्याची पिंपं, कूलर, गच्चीवरच्या टाक्या बघत फिरतो. एका घरी हिवतापातून उठलेली सून भेटली. ताप आठवड्यात उतरला, पण जिना चढताना धाप लागायची, चेहरा पांढराफटक. सासूबाईंच्या मते ताप गेला म्हणजे दुखणं संपलं, आता ही कामाचा कंटाळा करते.

मला त्या वेळी सर रोनाल्ड रॉस यांची आठवण झाली.

मैत्रिणींनो, हे रॉस आपल्याच देशात, अल्मोड्याला १८५७ मध्ये जन्मले. वडील लष्करात जनरल. मुलाला कवी, लेखक व्हायचं होतं, पण वडिलांच्या हट्टापायी डॉक्टर झाला आणि १८८१ मध्ये भारतातल्या लष्करी वैद्यकीय सेवेत आला. हिवताप तेव्हा दलदलीच्या वाईट हवेने होतो असं मानत. लाव्हेरां या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये रोग्याच्या रक्तात परोपजीवी पाहिला होता, पण तो रक्तात शिरतो कुठून, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रजेवर गेलेले रॉस १८९५ मध्ये मुंबईला उतरले ते सामान सुटायचीही वाट न बघता थेट इस्पितळात हिवतापाचे रोगी शोधायला! पुढे दोन वर्षं डास चिरून बघण्यात गेली, तेही चुकीच्या जातीचे. मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात स्वतःलाच हिवताप झाला. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंग तडकलं, आणि पंखा लावावा तर चिरलेले डास उडून जायचे. हुसेन खान नावाचा रोगी डासांकडून चावून घ्यायचा, दर डासामागे एक आणा. त्याचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

२० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसना गोल पेशी दिसल्या, आत काळे कण. रक्तातल्या परोपजीवीत दिसणारे तेच कण! आनंदाने त्यांनी पत्नी रोझाला कविता लिहून पाठवली.

ते काळे कण म्हणजे काय, तर परोपजीवीचं उष्टं. तो तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो, उरलेल्या लोहयुक्त भागाचे असे कण होतात. पण तेवढ्याने त्याचं भागत नाही. आयसोल्युसिन नावाचा पोषक घटक मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये नसतोच. मग तो पेशीच्या आवरणात आपली प्रथिनं बसवून नव्या वाटा पाडतो, भाडेकरूने मालकाच्या भिंतीला भोकं पाडावीत तशा! त्यांतून आयसोल्युसिन आणि 'ब' गटातलं पँटोथेनिक आम्ल आत ओढतो. निरोगी पेशीत पोटॅशियम जास्त, सोडियम कमी असतं. या भोकांमुळे पोटॅशियम बाहेर गळतं, सोडियम आत शिरतं. नेहमीच्या दोन प्रकारांत साधारण ४८ तासांनी पेशी फुटते, नवे परोपजीवी बाहेर पडतात आणि हुडहुडी भरते. शिवाय लागण न झालेल्या पेशीही मरतात, म्हणून ताप उतरला तरी रक्त भरून यायला आठवडे जातात.

ही भोकांची हकीकत रॉसना कळली नाही. १८९८ मध्ये कोलकात्याला त्यांनी पक्ष्यांचा हिवताप डासाच्या लाळेतून पसरतो हे दाखवलं, १९०२ मध्ये नोबेल मिळालं. मग श्रेयावरून इटलीच्या ग्रासींशी भांडणंही भरपूर झाली, ती मला तरी त्यांना शोभली नाहीत. १९३२ मध्ये ते लंडनला वारले.

त्या सासूबाईंना मी आयसोल्युसिन वगैरे काही सांगितलं नाही. घरात भाडेकरू शिरून भिंती पोखरून गेलाय, डागडुजीला वेळ लागणार, एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी सून रक्त तपासायला आली, तेव्हा पिशवी सासूबाईंच्या हातात होती.