व्यायामाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

खेळाच्या तासाला शास्त्राचा विषय म्हटले तर घरी मोठी माणसे हसतात. खेळून पोट भरते का, असे विचारतात. म्हणूनच या अंकात आम्ही स्वामी कुवलयानंदांची ओळख करून देत आहोत.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. पण मुलगा हुशार. मॅट्रिकला संस्कृतसाठी त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांजवळ ते मल्लविद्या व भारतीय व्यायामपद्धती शिकले. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

आपल्या इंदूरच्या नळाला येते त्याच नर्मदेच्या काठी, गुजरातेत मालसर येथे, १९१९ मध्ये त्यांना गुरू भेटले, परमहंस माधवदासजी. योगाचे परिणाम त्यांनी स्वतः अनुभवले. पण परिणाम होतो एवढ्याने त्यांचे समाधान होईना. तो का होतो? बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्र व दाबमापकाच्या साहाय्याने त्यांनी तपासणी सुरू केली. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले व त्या निर्वाताला गुरूंचे नाव दिले.

१९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. प्राणायामात खूप जास्त प्राणवायू मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. मोजल्यावर ती टिकली नाही. स्वतःच्याच प्रिय विषयाविरुद्ध जाणारा हा निष्कर्षही त्यांनी लपवला नाही. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी दुसरीकडे शोधले. आम्हाला त्यांचा मोठेपणा इथेच दिसतो.

मुंबई प्रांतातील शारीरिक शिक्षणाला वळण लावण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. कैवल्यधामचे कार्य आजही चालू आहे.

आज हा अभ्यास विश्वविद्यालयात करता येतो. स्नायू कसे ओढतात, सांधे कसे वळतात, दमल्यावर हृदयाचे ठोके किती वेळात पूर्ववत होतात, हे सारे त्यात शिकवतात. इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा विभाग आहे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आपल्याच प्रदेशात आहे. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, व्यायाम मार्गदर्शक अशा वाटा तेथून निघतात. फिजिओथेरपीची वाट मात्र वेगळी. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र हवे.

पालकांना आमची एकच विनंती. मुलाने ही वाट निवडली, तर अभ्यास सोडला असे समजू नये. मुलांनीही लक्षात ठेवावे की नुसते दंड फुगवून भागत नाही, वहीत नोंदही ठेवावी लागते. स्वामीजींनी तीच ठेवली.