हिशेब उतरला, आशा हुकली : स्वांते अऱ्हेनियस

काही शास्त्रज्ञांचे एक काम जग डोक्यावर घेते आणि दुसरे काम अर्धे शतक अडगळीत पडून राहते. पुढे केव्हातरी जगाला गरज लागते ती त्या अडगळीतल्या कामाचीच. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस हे अशांपैकी एक. विज्ञानशाखेचे विद्यार्थी त्यांना आम्ल आणि अल्क यांच्या व्याख्येमुळे ओळखतात. मी कलाशाखेचा, भूगोल घेतलेला विद्यार्थी. मला ते भेटले हवामानाच्या प्रकरणात, आणि तिथे त्यांच्या नावावर एक असा हिशेब आढळला की त्याचा संबंध थेट आमच्या शेतापर्यंत येतो. म्हणून ही त्यांची ओळख.

स्वांते यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळच्या वीक या गावी झाला. घराण्याचे मूळ शेतकऱ्यांचे. वडील जमीन मोजणीचे काम करीत आणि उप्साला विद्यापीठाच्या जमिनींची व्यवस्था पाहत. चुलते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे घरात एकीकडे जमीन आणि दुसरीकडे पुस्तक. पोर तीन वर्षांचे असतानाच आपले आपण वाचायला शिकले, असे सांगतात. ते आठ वर्षांचे झाले त्या १८६७ साली स्वीडनमध्ये थंडी लांबली, पेरण्या खोळंबल्या आणि १८६९ पर्यंत देशाने दुष्काळ भोगला. कितीतरी कुटुंबे घरदार सोडून अमेरिकेला गेली. आपल्याकडे दुष्काळ म्हटला की उन्हाने भेगाळलेली जमीन डोळ्यांपुढे येते. तिकडे थंडीसुद्धा पीक मारते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

१८८४ साली अऱ्हेनियस यांनी उप्साला विद्यापीठाला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युत्भारित कण सुटे होतात आणि म्हणून ते पाणी वीज वाहून नेते, या विचाराचे बीज त्यात होते. परीक्षकांना ते पटले नाही. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली. या श्रेणीवर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळणे कठीण होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. गुणपत्रिकेवरचा आकडा घरी कसा सांगायचा, ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. अऱ्हेनियस मात्र घरी बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील शास्त्रज्ञांना धाडल्या. रीगा शहरातील ओस्टवाल्ड यांना त्याचे मोल कळले आणि ते स्वतः त्यांना भेटायला उप्सालाला आले. पुढची काही वर्षे अऱ्हेनियस यांनी युरोपातील नामांकित प्रयोगशाळांत काम केले आणि आपला सिद्धांत पक्का केला. ज्या विचाराला चौथी श्रेणी मिळाली होती, त्याच विचारासाठी १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक.

पण आपल्याला पाहायचे आहे ते त्यांचे दुसरे काम. १८९१ पासून ते स्टॉकहोममध्ये शिकवीत होते. तिथल्या विद्वानांत त्या काळी एका प्रश्नावर वाद चाले : हिमयुगे का आली आणि का गेली? हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड जमिनीची उष्णता धरून ठेवतो, हे आयर्लंडमध्ये जन्मलेल्या टिंडल या शास्त्रज्ञाने आधीच प्रयोगाने दाखवले होते. हा वायू कमीजास्त झाला तर पृथ्वी किती थंड वा उष्ण होईल, हे मोजायचे अऱ्हेनियस यांनी ठरवले. १८९४ च्या नाताळात त्यांनी आकडेमोड सुरू केली आणि ती जवळजवळ वर्षभर चालली. यंत्र नव्हते, हाताशी फक्त कागद आणि पेन्सिल. अमेरिकेतील लँग्ली यांनी चंद्राकडून येणारी उष्णता मोजून ठेवली होती. चंद्र माथ्यावर असला की त्याचे किरण थोड्या हवेतून येतात, क्षितिजाजवळ असला की पुष्कळ हवेतून येतात. या फरकावरून हवा किती उष्णता शोषते ते काढता येत होते. अऱ्हेनियस यांनी प्रत्येक अक्षवृत्ताच्या पट्ट्यासाठी आणि प्रत्येक ऋतूसाठी वेगळा हिशेब मांडला. याच काळात त्यांचा संसार मोडत होता. मुलगा जन्मला आणि थोड्याच दिवसांत पतिपत्नी विभक्त झाली.

१८९६ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल, असे त्यात उत्तर होते. वाढ विषुववृत्तापेक्षा ध्रुवांकडे जास्त, उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त आणि दिवसापेक्षा रात्री जास्त होईल, असेही त्यांनी सांगितले. आज संगणकावर केलेला अंदाज सुमारे ३ अंशांचा आहे. म्हणजे आकडा मोठा निघाला, पण दिशा अचूक. ध्रुवाकडचा प्रदेश खरोखरच बाकी जगापेक्षा वेगाने तापतो आहे.

हा वायू येतो कोठून आणि जातो कोठे, याचा जमाखर्च त्यांचे सहकारी, भूगर्भशास्त्रज्ञ हॉगबोम यांनी मांडला होता. ज्वालामुखी तो हवेत सोडतात, खडकांची झीज तो शोषते, समुद्र तो विरघळवून घेतो, झाडे तो खाऊन वाढतात आणि कुजताना परत देतात. यालाच आपण कार्बनचे चक्र म्हणतो. या जमाखर्चात त्यांनी कारखान्यांचा कोळसाही धरला. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळे. या वेगाने हवेत लक्षात येण्याजोगा फरक पडायला फार मोठा काळ लागेल, असे त्यांना वाटले.

१९०६ साली अऱ्हेनियस यांनी सामान्य वाचकांसाठी एक ग्रंथ लिहिला, त्यात हा विषय पुन्हा घेतला. तोपर्यंत कोळशाचा खप बराच वाढला होता, आणि काही शतकांत फरक दिसेल असे त्यांना वाटू लागले होते. पण त्यांना भीती वाटली नाही, उलट आनंदच झाला. थंड देशांचे हवामान सुधारेल, झाडांना खाद्य वाढेल, पिके भरघोस येतील आणि वाढत्या लोकसंख्येला अन्न मिळेल, अशी त्यांची आशा होती. थंडीने पीक बुडालेल्या देशात ज्याचे बालपण गेले, त्याला ऊब म्हणजे वरदान वाटले तर नवल नाही, असे मला वाटते.

ती आशा कितपत फळली? सारीच खोटी ठरली असे म्हणता येणार नाही. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून १९८० नंतर पृथ्वीवरची हिरवाई वाढल्याचे दिसते, आणि त्यात वाढलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा वाटा आहे. या हिरवाईत भारताचे नावही पुढे आहे. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्याकडची सुमारे ८२ टक्के वाढ शेतीची आहे. पाणी उपसून आणि खते घालून वर्षाला दोन-तीन पिके काढली, त्याची ती हिरवाई. दुसरी गोष्ट म्हणजे, हा वायू वाढला की गहू आणि तांदूळ वाढतात, पण त्यांच्या दाण्यातील प्रथिने, लोह आणि जस्त घटते. तिसरी गोष्ट आमच्या घरची. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांची पाने मुळातच हा वायू साठवून वापरतात. पाणी पुरेसे असेल तर जादा वायूने त्यांना फारसा लाभ होत नाही. वाढलेल्या उन्हाचा चटका मात्र त्यांनाही बसतो. २०२२ च्या मार्चमधील उष्णतेने उत्तर भारतातील गहू दाणा भरण्याच्या वेळीच होरपळला. खाद्य वाढले म्हणून जेवणारा सुखी झाला, असे होत नाही.

आणि चक्राचे काय? आपण हवेत सोडलेल्या या वायूपैकी साधारण निम्मा झाडे, माती आणि समुद्र मिळून आजही पोटात घेतात. उरलेला हवेत साठतो. १८९६ च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २९५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. ५० कोटी टनांचा कोळसा आता वर्षाला ८०० कोटी टनांपलीकडे गेला आहे. अऱ्हेनियस यांनी काही शतकांचा धरलेला काळ आपण एवढा आखडून टाकला. शिवाय उत्तरेकडील गोठलेल्या जमिनीत हवेतल्यापेक्षा सुमारे दुप्पट कार्बन दडलेला आहे. ती जमीन वितळू लागली की तोही बाहेर पडतो. ज्या ऊबेची त्यांनी वाट पाहिली, तीच त्यांच्या उत्तरेचे कुलूप उघडते आहे.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये अऱ्हेनियस यांचे निधन झाले. त्यांच्या हिशेबावर त्या काळी आक्षेप घेतले गेले आणि लोक तो विसरले. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर कीलिंग यांनी हवेची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा त्या जुन्या निबंधाचे महत्त्व पुन्हा कळले. कीलिंग ज्या संस्थेत काम करीत, तिथेच अऱ्हेनियस यांचे नातू संशोधक होते.

मित्रहो, या चरित्रातून मी एवढेच घेतले. आकडा सगळ्या जगासाठी एकच असतो, पण त्याचा अर्थ लावणारा माणूस कुठल्यातरी एका बांधावर उभा असतो. अऱ्हेनियस उत्तरेच्या बांधावर उभे होते, तिथून त्यांना सुगी दिसली. आपण ज्वारीच्या बांधावर उभे आहोत. इथून काय दिसते, ते त्यांच्यासाठी कोणी लिहून ठेवलेले नव्हते. ते मोजण्याचे आणि लिहिण्याचे काम आपल्यापैकीच कोणाला तरी करावे लागेल, मग त्याला पहिली श्रेणी मिळो की चौथी.