कस्तुरबा गांधी: तत्त्व, पथ्य आणि रुग्णाचा शब्द

मुलाचे हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून डॉक्टर अंडे सुचवतात आणि आजी म्हणतात, या स्वयंपाकघरात अंडे शिजणार नाही. वडिलांचा चातुर्मासाचा नियम असतो आणि शुगरची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. सून दूध सोडून पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेऊ लागते आणि घरच्यांना तिच्या हाडांची काळजी वाटते. असे प्रश्न घेऊन पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कोणीतरी येते. तुमच्याही घरात हा पेच असेल, तर कस्तुरबा गांधींचे आयुष्य या बाजूने एकदा पाहा. त्यांचा शेवट पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये झाला. आहारातले तत्त्व आणि आजारी शरीराची गरज यांचा सामना मात्र त्यांनी आयुष्यभर केला.

व्यापाऱ्याच्या घरातून प्रयोगाच्या घरात

कस्तुरबांचा जन्म १८६९ मध्ये पोरबंदरला, एका सुखवस्तू वैष्णव व्यापाऱ्याच्या घरी झाला. किशोरवयातच मोहनदास गांधींशी त्यांचे लग्न झाले. मांसाहार न करणे हा त्यांच्यासाठी घरचा संस्कार होता. पुढे त्यांच्या पतीने आहाराचे नवनवे प्रयोग सुरू केले आणि त्याचा भार साहजिकच स्वयंपाकघरावर पडला. १८९७ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत पोहोचल्या. तिथल्या घरात हातजात्यावर कोंड्यासकट पीठ दळले जाऊ लागले, मसाले कमी झाले, कधी शिजवलेले अन्नच बंद झाले. यांतले काही बदल आरोग्याला चांगले होते, काही नव्हते. ही माहिती आपल्याला मुख्यतः गांधीजींच्या आत्मकथेतून, म्हणजे पतीच्या बाजूने मिळते, हे वाचताना लक्षात ठेवा.

आजारी मुलगा आणि कोंबडीचे सूप

१९०२ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईत असताना दहा वर्षांच्या मणिलालला टायफॉइड झाला, सोबत न्यूमोनियाची लक्षणे होती. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप सुचवले. गांधीजींनी नकार दिला आणि पाण्याचे उपचार केले. मणिलालला विचारले तेव्हा त्याने वडिलांचीच बाजू घेतली. तो बरा झाला. पण कशाने बरा झाला हे कोण सांगणार, अशी कबुली गांधीजींनीच पुढे दिली आहे.

डॉक्टर म्हणून मी इथे थांबतो. दहा वर्षांच्या मुलाचा होकार हा खरा होकार नसतो, कारण तो आई-वडिलांना दुखावू इच्छित नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या ताटाबद्दल घेतलेला निर्णय वेगळा आणि मुलाच्या ताटाबद्दल घेतलेला वेगळा. मुलाच्या बाबतीत तत्त्व पाळायचे असेल, तर तेच पोषण दुसऱ्या मार्गाने पुरवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते.

डर्बनमधला नकार

१९०८-०९ च्या सुमारास कस्तुरबांना मोठा रक्तस्राव होऊ लागला. डर्बनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. त्या इतक्या अशक्त होत्या की ती क्लोरोफॉर्म न देता करावी लागली आणि त्यांनी ती धीराने सोसली. नंतर प्रकृती खालावली तेव्हा डॉक्टरांनी जोहान्सबर्गला फोन करून गोमांसाचा अर्क देण्याची परवानगी गांधीजींकडे मागितली. गांधीजींनी परवानगी दिली नाही, पण रुग्णाला विचारा, ती हो म्हणाली तर द्या, असे कळवले. डॉक्टरांना रुग्णाला विचारणे मान्य नव्हते. गांधीजी डर्बनला पोहोचले तेव्हा तो अर्क आधीच देऊन झाला होता.

मग बांना विचारण्यात आले. औषध म्हणून मांस घेणारे अनेक हिंदू आहेत, माझ्या मताचे बंधन तुझ्यावर नाही, हेही गांधीजींनी त्यांना सांगितले. बांनी स्पष्ट नकार दिला. डॉक्टर अशा अटीवर उपचार करायला तयार नव्हते. म्हणून त्याच अवस्थेत, रिमझिम पावसात त्यांना रिक्षाने स्टेशनवर, आगगाडीने फिनिक्सला आणि तिथून झोळीतून आश्रमात नेण्यात आले. हळूहळू त्यांची तब्येत सुधारली.

अशा रुग्णाला हलवण्याचा सल्ला मी आज देणार नाही. पण या प्रसंगातली सर्वांत मोठी चूक डॉक्टरांची होती: शुद्धीवर असलेल्या रुग्णाला न सांगता, तिला निषिद्ध असलेली वस्तू देणे. शिवाय मांसाच्या पातळ अर्कात प्रथिने आणि लोह फार थोडे असते. ज्यावरून एवढे झाले, त्या पदार्थात फारशी ताकदच नव्हती. आज अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देता येते, गरज पडली तर रक्त देता येते.

मीठ आणि डाळ

रक्तस्राव पुन्हा सुरू झाला तेव्हा गांधीजींनी बांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितले. बा ऐकेनात. डॉक्टरांनी सांगितले तर तुम्हालाही हे जमणार नाही, असे त्यांनी सुनावले. गांधीजींनी तत्क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडले. बा घाबरल्या, शब्द मागे घ्या म्हणाल्या, पण उपयोग झाला नाही. मग त्यांनीही दोन्ही सोडले आणि रक्तस्राव थांबला.

तुम्ही यावरून डाळ सोडू नका. एका रुग्णात एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे नसते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे हे खरे. पण शाकाहारी घरात डाळी-कडधान्ये हाच प्रथिनांचा मोठा आधार आहे. त्या फक्त काही आजारांत, उदाहरणार्थ किडनीच्या, डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोजून घ्याव्या लागतात. आणखी एक गोष्ट: प्रेमापोटी का होईना, घरातल्या एकाच्या त्यागाचे दडपण दुसऱ्यावर आले की पथ्य मनापासून राहत नाही.

शेळीचे दूध

त्या काळी कोलकात्यात गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी त्यांच्या योनिमार्गात जोराने हवा फुंकत. याला फुका म्हणत. हे वाचून आणि संयमाच्या विचारानेही गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडले. १९१८ मध्ये त्यांना तीव्र आमांश झाला आणि शरीर खंगले. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलाल यांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याशिवाय ताकद येणार नाही असे सांगितले. गांधीजींनी व्रत आणि त्यामागचे फुक्याचे कारण सांगितले. खाटेजवळ उभ्या असलेल्या बांनी लगेच सुचवले की मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. डॉक्टरांनीही ते पुरे आहे म्हटले. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे शब्द पाळून आत्मा सोडला, ही खंत त्यांना कायम राहिली.

मला बांचे शहाणपण मोठे वाटते. नियम मोडा असे त्या म्हणाल्या नाहीत. नियमामागचे कारण त्यांनी ऐकले आणि त्या कारणाला धक्का न लावता रुग्णाला काय देता येईल ते शोधले. पुढे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातही फुका हा गुन्हा ठरवला गेला.

एक सावधगिरी: शेळीच्या दुधात फोलेट कमी असते, त्यामुळे वर्षाआतील बाळाला ते मुख्य आहार म्हणून देऊ नका. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांना बहुधा तेही चालत नाही.

आगाखान पॅलेस

ऑगस्ट १९४२ मध्ये कस्तुरबांना अटक झाली आणि त्यांना आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्ये गांधीजींनी तिथे २१ दिवसांचा उपवास केला. तो सुटताना फळांच्या रसाचा पेला बांनीच दिला. पुढे त्यांचे हृदय आणि श्वास दोन्ही बिघडले. आपल्याला आयुर्वेदिक आणि निसर्गोपचार हवेत असे त्यांनी सांगितले, पण सरकारी परवानगी उशिरा मिळाली. अखेरीस मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मिळवले. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी विरोध केला आणि देवदास यांनी आग्रह सोडला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी संध्याकाळी बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्यांची समाधी पॅलेसच्या आवारात आहे.

तुमच्या घरासाठी

- आधी रुग्णाला विचारा. तो शुद्धीवर असेल, तर त्याच्या ताटाचा निर्णय मुलगा, सून किंवा डॉक्टर परस्पर घेऊ शकत नाहीत. भाजीत लपवून काही घालू नका.
- नियमाचे कारण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. अंडे चालत नसेल तर डाळी, सोयाबीन, पनीर, दही आहेत. लोहासाठी अळीव, पालेभाज्या आणि मोड आलेली कडधान्ये लिंबू पिळून घ्या. चहा जेवणाबरोबर नको.
- दूधही सोडले असेल तर बी-१२ ची गोळी लागतेच. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही.
- काही कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. रक्त पातळ ठेवणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनते. हरकत असेल तर विचारा, बऱ्याचदा पर्याय असतो. न सांगता औषध बंद करू नका.
- मधुमेह, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर उपवासाआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या.
- वृद्धांना शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे, कोणते नको, हे ते बोलू शकतात तेव्हाच विचारून ठेवा.

हे बोलणे कठीण जात असेल, तर पुढच्या तपासणीला रुग्णाला आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, दोघांनाही घेऊन या. पथ्य एकजण खातो आणि दुसरा शिजवतो. दोघांना पटले तरच ते टिकते.