खेळण्यातली रेल्वे टेबलावर आली, पण ती पाहायला तिचा ‘बाप’ नव्हता!

भोकं पाडलेल्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि छोटा पाना. मेकॅनो खेळलेल्या कुणालाही हे लगेच आठवेल. हा खेळ शोधणाऱ्या माणसानेच पुढे खेळण्यातली रेल्वेही आणली. त्याचं नाव फ्रँक हॉर्नबी. आणि गंमत म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हताच.

हिशेबनीस ते कारखानदार

हॉर्नबीचा जन्म 15 मे 1863 चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या खाद्यपदार्थांच्या व्यापारात लागला. 1899 मध्ये वडील गेले, धंदा बंद पडला. मग डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे तो हिशेब लिहू लागला.

घरी मुलांसाठी तो पत्रा कापून पूल आणि क्रेन बनवायचा. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत. यातून त्याला युक्ती सुचली. सगळ्या पट्ट्यांना अर्ध्या इंचाच्या अंतरावर सारखी भोकं पाडली, तर त्याच पट्ट्यांतून आज पूल आणि उद्या क्रेन बनवता येईल!

पेटंटसाठी लागणारे पाच पौंड हॉर्नबीकडे नव्हते. ते एलियटने उसने दिले. 1901 मध्ये पेटंट झालं आणि 1907 मध्ये या खेळाला ‘मेकॅनो’ हे नाव मिळालं. 1914 मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

रेल्वे कशी आली?

पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये खेळण्यातल्या गाड्या मुख्यतः जर्मनीहून यायच्या. युद्धात ती आवक थांबली आणि हॉर्नबीला संधी मिळाली. 1920 मध्ये त्याने चावीवर चालणारी रेल्वे बाजारात आणली. सुरुवातीच्या गाड्या मेकॅनोसारख्याच नट-बोल्टने जोडलेल्या होत्या. पाच वर्षांत विजेवर चालणारी गाडीही आली.

पण एक अडचण होती. या गाड्या ‘ओ गेज’च्या होत्या, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर. स्टेशन, साइडिंग, सिग्नल असं सगळं मांडायचं तर अख्खी खोली लागायची. छोट्या घरातल्या मुलाला जमिनीवर रूळ मांडायचे आणि जेवणाआधी उचलून ठेवायचे, एवढंच शक्य होतं.

हॉर्नबी 1931 मध्ये एव्हर्टनमधून खासदार झाला. 1934 मध्ये त्याच्याच कंपनीच्या छोट्या मोटारींना ‘डिंकी टॉईज’ हे नाव मिळालं. 21 सप्टेंबर 1936 रोजी त्याचं निधन झालं.

दोन वर्षांनी…

1938 मध्ये कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ आणली. डब्लो म्हणजे ‘डबल ओ’. रुळांमधलं अंतर फक्त 16.5 मिलिमीटर, आधीच्या जवळपास निम्मं. वळणाचे आठ तुकडे जोडले की साधारण अडीच फूट व्यासाचा गोल पूर्ण. म्हणजे अख्खी रेल्वे जेवणाच्या टेबलावर!

म्हणूनच लहानपणीच्या छंदाकडे उतारवयात परतणाऱ्यांना डब्लो सोयीची वाटते. एका फळीवर रूळ पक्के करायचे आणि खेळून झालं की फळी भिंतीला टेकवून ठेवायची. ओतीव धातूची ही इंजिनं भक्कम असतात. रूळ पुसून, तेलाचा थेंब सोडून आणि कमजोर झालेलं चुंबक पुन्हा भारून त्यांतली अनेक आजही धावतात. मात्र युद्धाआधीची इंजिनं घेताना जपावं लागतं. त्या काळच्या ओतीव धातूला भेसळीमुळे कालांतराने तडे जातात.

बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला. पण हॉर्नबी हे नाव आजही रेल्वेच्या खोक्यांवर आहे. जागेचा प्रश्न सोडवणारी रेल्वे त्या नावाने आली, आणि ज्याचं ते नाव होतं त्याला मात्र ती धावताना पाहता आली नाही.